तळ्याकाठचा काळा पुंजका

आइस्क्रीमचा डबा पायरीवर उघडा पडला होता आणि आत काहीच नव्हतं.

टेगननं तो उचलून झटकून पाहिला. डब्यात आमिषाची शेवटची वडी होती. टोड या बाहेरून आलेल्या विषारी बेडकाच्या खांद्यावरच्या गाठी पिळून काढलेल्या विषाची, पांढरी, बोटभर. टोडचे बेडूकमासे तिच्या वासाला फसतात. आपल्याच जातीची अंडी समजून खायला धावतात नि सापळ्यात अडकतात. वडी सासूनं, नोलीननं, फ्रीझरमधून काढून ठेवली होती. इथं आइस्क्रीमचा रिकामा डबा कुणी टाकतच नाही. उरलेला रस्सा काय, मासे धरायचे गळ काय, सगळं त्यातच.

दोन वर्षांचा डार्सी बाजूला बसून बोटं चोखत होता.

"यातलं कुठंय, सोन्या? खाल्लंस?"

"आइस्कीम गेलं," तो हसला.

टेगननं त्याच्या तोंडात बोट फिरवलं. नुसती लाळ. "शंभरदा सांगितलं, त्या डब्यात ठेवू नका म्हणून!"

"अगं, माझी चार पोरं ह्याच अंगणात माती खाऊन वाढली," नोलीन म्हणाली. "तू त्याला शिंक आली तरी पुस्तक उघडतेस."

"आणि तुमचा कुत्रा? एका टोडला चावला नि गेला ना?"

 नोलीननं विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला. दवाखाना कोसो दूर.

टेगननं डार्सीला उचललं आणि तिचा हात बरबटला. त्याच्या गुडघ्यांवर ओला चिखल! महिनोन्महिने पाऊस नव्हता. चिखल होता तो फक्त गुरांच्या तळ्याकाठी. कुंपणाचं दार सताड उघडं होतं.

ती पोराला कडेवर घेऊन धावली. पाण्यात तपकिरी देशी बेडूकमासे विखुरलेले, आपल्याच नादात. पण काठाच्या एका कोपऱ्यात काळाकुट्ट पुंजका वळवळत होता. चहूबाजूंनी टोडची पिल्लं तिथंच लोटत होती, एकमेकांच्या अंगावर चढत.

टेगननं त्या पुंजक्यात हात घातला. बोटांना काहीतरी कठीण लागलं.

वडी. चारही कोपरे शाबूत. दाताची खूण कुठंच नव्हती.

"माशांना आइस्कीम," डार्सी म्हणाला.

मागून धापा टाकत नोलीन आली. फोनमधून कुणीतरी "हॅलो, बाळानं काय खाल्लंय?" विचारत होतं. नोलीननं फोन टेगनपुढे धरला. टेगननं वडी वर धरून दाखवली.

"बोला त्यांच्याशी," टेगन म्हणाली. "बोटं चोखलीत त्यानं, तेही सांगा. मी तोंड धुते त्याचं."