रंजनाबाईंची उघडी पानं

ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा... तो लुकलुकला म्हणजे सर्व्हर काहीतरी लिहितोय आणि स्थिर झाला म्हणजे नुसता बसलाय, असं दवाखान्याचा सर्व्हर सांभाळणाऱ्या ममतानं आपलं स्वतःच ठरवून टाकलं होतं — खरं काय ते त्या दिव्यालाच ठाऊक. आत्ता तो लुकलुकत होता. सकाळी काळ्या पडद्यावर तिनं मोजणी सुरू करायची एका ओळीची आज्ञा लिहून एंटर दाबलं होतं, तेव्हापासून सर्व्हर दर मिनिटाला स्वतःचीच नाडी बघत होता आणि जे सापडेल ते फाइलमध्ये टाकत होता: वेळ, प्रोसेसरवरचा भार, मेमरी किती भरली, तापमान किती, कोणाकोणा पेशंटची पानं उघडी. महिरपी कंस उघडायचा, नाव, पुढे आकडा, पुन्हा नाव, पुन्हा आकडा, महिरपी कंस बंद. याला जेसन म्हणतात. नाव एवढं परदेशी, आणि आत पाहावं तर गावच्या पाटीसारखं साधं, वाचता येणाऱ्या कुणालाही कळेल असं. तिला ते आवडायचं. लपवाछपवी नाही. जे आहे ते आहे.

फक्त पहिल्या ओळींत एक खोट होती. दवाखान्याचं दार उघडण्याच्या आधी, बाहेर चिटपाखरू नसताना, 'उघडी पानं: एक' असं आलं होतं. ते मोजणीचं साधन स्वतःलाच मोजत असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं... आज असल्या बारीकसारीक गोष्टींत शिरायला वेळ होता कुणाला?

काल भाग्येश सरांचा फोन आला होता. भाग्येश सर म्हणजे दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या नाशिकच्या मुख्य कचेरीतले इंजिनिअर. वयानं तिच्याच बरोबरीचे, पण बोलणं असं की जणू सगळं आधीच ठरलंय आणि आपल्याला फक्त कळवणं चाललंय. "ममता मॅडम, तुमचा धडगावचा सर्व्हर थकलाय आता. दुपार झाली की आडवा होतो, तुमच्याच तक्रारी आहेत. उद्याचे दिवसभराचे रीडिंग जेसनमध्ये काढून पाठवा. खराब निघाले तर खाली आणू त्याला, सगळं नाशिकवरून चालवू. नेटची लाइन आहे ना आता तुमच्याकडे?"

आहे ना. लाइन आहे, जशी घाटात गाडी आहे — येते तेव्हा येते. वारा सुटला की गेली, रस्त्याचं काम निघालं की गेली, आणि काहीच झालं नाही तरी जाते. सर्व्हर इथं, या खोलीत आहे म्हणून लाइन गेली तरी माणसाचं पान उघडतं, मागच्या वेळी कोणती गोळी दिली ते दिसतं. तो गेला की पुन्हा 'उद्या या'. आणि उद्या म्हणजे काय हे नाशिकला कसं कळावं? तोरणमाळच्या पायथ्याच्या पाड्यावरून ममताची आई कानातून पू येत असताना पायी आली होती, आणि एका खिडकीनं तिला 'उद्या या' म्हटलं होतं, आणि आई 'बरं' म्हणाली होती. आमच्याकडे 'बरं' म्हणतात, भांडत नाहीत. भांडायचं खातं आता मी सांभाळते... पण भांडायलाही हातात काही लागतं. आज ही फाइल होती, आणि फाइल खरं बोलणार होती. तीच तर भीती होती.

त्यात आज बाजार. बाजाराच्या दिवशी पेशंट एकेक करून येत नाहीत, जीप येईल तसे येतात. जालमसिंगची जीप फाटकाशी थांबली की टपावरून, मागच्या पायरीवरून, कुठून कुठून माणसं उतरतात आणि आधी दवाखाना, मग बाजार, असा सगळ्यांचा एकच बेत. हा सर्व्हरही त्याच जीपमधून आलेला — गोधडीत गुंडाळून, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. आणि तिथं नेहमी बसणारे एक गुरुजी मागे शेळीशेजारी बसून आले म्हणून अजून कुरकुरतात. जालमसिंगनं वळणावळणावर एक हात त्याच्यावर ठेवला होता. भाडं घे म्हटलं तर म्हणाला, पेशंटचं भाडं घेत नाही मी. ममताला ते आठवलं आणि उगाचच दिव्याकडे बघून ती म्हणाली, बघ बाबा, लाज राख आज.

दुपारपर्यंत त्यानं लाज राखली नाही. मेमरी चढत गेली. निम्मी, पाऊण, पाऊणच्या वर... आकडे एकाखाली एक येत होते आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. तिनं सर्व्हरच्या पाठीवर हात ठेवला, गरम होता. आणि हात ठेवल्या ठेवल्या एक भलताच विचार आत शिरला, की आपण सकाळपासून दर मिनिटाला याला विचारतोय, तापलास का, दमलास का, किती ओझं आहे... आपल्याला असं कुणी विचारलं होतं? आश्रमशाळेत हजेरी होती. नंबर पुकारला की 'हजर'. ताप असला तरी हजर, घरच्या आठवणीनं रात्रभर झोप नसली तरी हजर. वाईट नव्हतं तिथं कुणी, पण एवढ्या पोरींत कुणी कुणाचं कपाळ चाचपायचं? ममता तेव्हाच शिकली, आपलं ओझं आपण बघायचं. तिला त्याचा अभिमानही होता, थोडासा खोटा.

"ममता! वं माय, हाई तं पुरं थांबी गयं!" खिडकीवरून रंजनाबाईंची हाक आली.

रंजनाबाई नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. शहाद्याकडच्या, कळसाडीच्या, नवरा गेल्यावर नोकरीसाठी घाट चढून वर आल्या त्या वरच राहिल्या. प्रमाण मराठी त्यांना यायची, पण ती त्या फक्त डॉक्टरांसाठी राखून ठेवायच्या. बाकी जगाला अहिराणी. ममताला त्यांची अहिराणी आणि त्यांना ममताची पावरी बोली, दोन्ही आता निम्मीशिम्मी कळायच्या.

ममता बाहेर आली, तर खिडकीसमोर रांग दारापर्यंत. पडद्यावर चक्र फिरतंय, फिरतंय. एक म्हातारी रंजनाबाईंकडे नाही, पडद्याकडे बघून थांबली होती, देवापुढे थांबावं तशी. ममता पळत सर्व्हरच्या खोलीत परतली, काळ्या पडद्यावर फाइलची शेवटची ओळ उघडली आणि पहिल्यांदाच उघड्या पानांची यादी नीट वाचली.

नावंच नावं. सकाळच्या पहिल्या जीपमधली माणसं, तपासून, गोळ्या घेऊन केव्हाच बाजारात गेलेली... सगळ्यांची पानं उघडीच. सर्व्हर बिचारा सगळ्यांना एकदम कडेवर घेऊन उभा होता. म्हातारा कसला आणि थकला कसला!

"मावशी, तुम्ही पानं बंद नाही करत?" तिनं खोलीच्या दारातूनच विचारलं.

"करस ना. करस कशी नही?" रंजनाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला. "सांजले, जालमसिंग हॉर्न वाजाडस ना फाटकमा, मंग समदा बंद करस. तठलोंग माणूस गावमाच शे. तो घर जाई, मंग त्यान्हं पान बंद करसू. तो वाटवर बी नही लागना, आनि आपीन दार लाई लेवो?"

ममताला हसू आलं, आणि हसू येता येता थांबलं. पाहुणा दारातून निघाला की लगेच केर काढत नाहीत, त्याच्या पाठोपाठ कडी लावत नाहीत. तो नजरेआड होईस्तोवर दार उघडं ठेवायचं. रंजनाबाईंनी ते दार संगणकातही उघडं ठेवलं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना की इथं चालत नाही. प्रशिक्षणात बंद करायची खूण दाखवली होती. कधी करायचं ते त्यांनी आपल्या मनानं ठरवलं.

आणि हे भाग्येश सरांना सांगायचं, म्हणजे काय? सर्व्हर वाचेल. पण ते म्हणतील, खिडकीवर शिकलेलं माणूस बसवा. आज्ञा थांबवावी, फाइल पुसावी, उद्या नव्याने सुरू करावी... असाही विचार आला, नाही कशाला म्हणू? तेवढ्यात तिची नजर यादीच्या डोक्यावर गेली. पहिलं नाव. दार उघडण्याच्या आधी उघडलेलं, सकाळची ती खोट.

ममता रेवजी पावरा.

तिनं पुन्हा वाचलं. बाहेर येऊन, रांग तशीच असताना, काहीतरी चोरी पकडल्यासारखं हळूच विचारलं, "मावशी... माझं पान कशाला उघडलंय सकाळी?"

"रोजच उघाडस." रंजनाबाईंनी चष्मा वर सारला. "तू नोकरीवर वनी, तवय पयल्याच आठवडामा तापमा पडेल व्हती. तुन्हं पान मीच उघाडं व्हतं. मंग बरी व्हयनी आनि खाटवरथीन उठीसन सरळ खुर्चीवर बठी गयी. घर कोठे गयी तू? लाइट जास, पान बंद व्हई जास, मंग सकायले पयले तुन्हंच उघाडस. मंग बाकीसन्हं."

ताप... हो. सलाइनची चिकटपट्टी हातावर असतानाच ती या खुर्चीत बसली होती, गावी कळवलंसुद्धा नव्हतं, आणि आपल्याला कुणी पाहिलंच नाही अशी तिची पक्की समजूत होती. इतकी पक्की की नंतर कुणी डब्यातली भाकर पुढे केली, कुणी थंडीत शाल खुर्चीवर टाकून गेलं, तरी ती 'मला नको' म्हणायची, आणि शाल मात्र घ्यायची. दवाखान्यामागच्या खोलीत राहायची. सणाला जाईन म्हणायची, सणाला ड्यूटी घ्यायची. आणि इकडे ही बाई रोज सकाळी झाडलोट व्हायच्या आधी, देवाला उदबत्ती लावायच्या आधी की नंतर कोण जाणे, येऊन तिचं नाव उघडत होती. पोर अजून आत आहे म्हणून. दार कसं लावायचं म्हणून.

ममताचे डोळे भरले. भरले तर भरले, रांगेतली म्हातारी बघत होती, बघू दे. मावशी, उपकार तुमचे, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं, तिच्या तोंडून आलं ते, "मावशी, ज्यांना गोळ्या मिळाल्या त्यांची पानं बंद करावी लागतील. आत्ता. नाहीतर हा सर्व्हर नेतील खाली."

रंजनाबाईंनी रांगेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "गोळ्या भेटन्यात म्हंजे तो निघना, असं समजो?"

"असं समजायचं."

"तं मंग निरोप तरी देवाले पाहिजे." आणि त्या एकेक नाव वाचून बंद करू लागल्या — चाल रे भाऊ, बरा ऱ्हाय, चाल वं बहीन, संभाळीसन जा — पुटपुटत, कुणालाही घाई न करता. रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही. उलट एकानं स्वतःच्या भावाचं नाव ऐकून "गेला तो, बाजारात आहे" अशी खात्री दिली. ममता खोलीत येऊन आकडे बघत राहिली. मेमरी उतरत होती. दर मिनिटाला थोडी, निरोपाच्या चालीनं. दुसरी जीप आली, तिसरी आली, आकडे वर गेले आणि पुन्हा खाली आले, आणि हिरवा दिवा लुकलुकत राहिला. फाइलनं सगळं लिहून घेतलं, दुपारचं तुंबणंही आणि नंतरचं मोकळं होणंही. पुसायचं काहीच उरलं नाही.

संध्याकाळी जालमसिंगनं फाटकाशी हॉर्न दिला, सवयीनं. जीप वळणाआड गेली. ममतानं साधन थांबवायची कळ दाबली. ते थांबताना सगळ्या नोंदींच्या शेवटी मोठा कंस मिटवतं, तो मिटल्याशिवाय फाइल पुरी होत नाही. कंस मिटला. तिनं फाइल पाठवली आणि खाली लिहिलं: सर्व्हर ठणठणीत आहे. आम्ही पानं उशिरापर्यंत उघडी ठेवत होतो, आमच्याकडची रीत म्हणून. दुपारपासून पद्धत बदलली आहे, आकडे पाहा. खिडकीवर रंजनाबाईच राहतील. शेवटचं वाक्य भांडणाच्या खात्यातलं होतं. ते तिनं तसंच ठेवलं.

रंजनाबाई दारात आल्या, पदरानं हात पुसत. "समदा बंद कयात. तुन्हं तेवढं ऱ्हायनं. ते तूच कर, मन्हा हात नही उठस," आणि उत्तराची वाट न बघता मागच्या खोलीकडे गेल्या, चुलीकडे.

पडद्यावर एकच पान. नाव, वय, गावाचं नाव, कधीचा तरी ताप. कोपऱ्यात बंद करायची खूण. एवढंसं पान, त्याचा भार तो काय... पण आकड्याचा प्रश्नच नव्हता. बंद करावं म्हणजे सणाला खरंच घरी जावं, आईपुढे बसावं, आणि आई म्हणेल 'बरं'. किंवा नाही. उंदराच्या आकाराच्या त्या माउसवर हात ठेवून ती बसली, आणि तिला नवल वाटलं की आपल्याला कसलीच घाई वाटत नाहीये.

मोबाइल थरथरला. भाग्येश सर. 'रीडिंग मिळाले. बघून ठरवतो. नुसते आकडे पाहिलेत अजून. शेवटच्या ओळीत एक पान उघडं दिसतंय, कोणी पेशंट ॲडमिट आहे का?'

नाही, असं लिहायला काय लागतं? धडधाकट आहे मी. पायी घाट चढेन अशी. पण तिनं पडद्यावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं, आणि ते तसंच असू द्यावंसं तिला वाटलं.

'हो,' तिनं लिहिलं, 'आहे एक.'

"वं ममता," मागून हाक आली, "भाकर थंडी व्हई ऱ्हायनी!"

"आले, मावशी," ती म्हणाली, आणि पान तसंच ठेवून उठली.