मुठी पोचवणारा

“चार सर्व्हर फोटोत दिसत नाहीत, धनेश. आठ दिसतात,” मितेश साहेब म्हणाला आणि खुर्ची वळवून त्याने फोन उचलला. म्हणजे विषय संपला.

धनेश म्हात्रे उभाच राहिला. मितेश अधिकारी असलेल्या धाटावच्या केमिकल कंपनीत तो ठेकेदाराचा माणूस, नेटवर्कची कामं बघणारा. गडबहून रोज मोटरसायकलने यायचा. त्याच्या ओळखपत्राची दोरी कायमस्वरूपी कामगारांच्या दोरीपेक्षा वेगळ्या रंगाची होती, आणि कँटीनमध्ये त्या रंगावरून ताटही वेगळं मिळायचं.

कंपनीत वायू गळला तर तो वाऱ्याबरोबर कुठे जाईल, कुठली वस्ती आधी गाठेल, हे लगेच सांगणारी यंत्रणा बसवायची होती. तो हिशेब एका सर्व्हरला झेपत नाही. म्हणून अनेक सर्व्हर जोडायचे आणि नकाशाचा एकेक तुकडा एकेकाला वाटून द्यायचा. पण वारा काही तुकड्याची हद्द पाळत नाही. प्रत्येक सर्व्हरला शेजारच्याला सारखं विचारत राहावं लागतं, तुझ्याकडून माझ्याकडे किती आलं? ही विचारपूस ज्या तारांवरून होते, भानगड त्या तारांचीच होती. मंजूर पैशात दोनपैकी एकच बसत होतं. चार सर्व्हर आणि त्यांच्यात इन्फिनीबँडची वेगवान जोडणी, नाहीतर आठ सर्व्हर आणि कुठल्याही ऑफिसात असतं तसलं साधं नेटवर्क. धनेशने पुरवठादाराकडे जाऊन दोन्ही चालवून पाहिलं होतं. चौघांनी काम उरकलं. आठ जण एकमेकांची वाट बघत बसले.

मितेशला हे कळत नव्हतं असं समजू नका. शिकलेला माणूस होता. न कळणाऱ्याला समजावता येतं, कळून आंधळं होणाऱ्याला कोण समजावणार? तपासणीला येणारे तारा बघत नाहीत, डबे मोजतात, असं त्याने धनेशलाच समजावलं. वर म्हणाला, शिफारस तूच लिही, नेटवर्कचा माणूस तू आहेस.

ठेका मार्चमध्ये संपत होता, पुढचा मितेशच्या सहीवर होता. धनेशने आठ लिहून दिले.

त्या संध्याकाळी तो सरूकडे गेला. सरू त्याची थोरली बहीण, कंपनीच्या भिंतीमागच्या वाडीत दिलेली. तोंड का पाडलंयस, असं तिने विचारल्यावर त्याने तिला कळेल असं सांगितलं. लावणीला आठ बायका उभ्या केल्या आणि रोपांच्या मुठी पोचवायला एकच म्हातारा ठेवला, तर काय होईल?

“काय व्हायचंय? बायका चिखलात उभ्या राहून मालकाला शिव्या घालतील,” सरू म्हणाली. “तुझ्या साहेबाला सांग, बायका कमी कर नि मुठींना तरणा गडी ठेव.”

धनेश हसला.

“सांगितलंस ना?” तिने विचारलं.

“सांगितलं,” तो म्हणाला. तेवढं खरंच होतं.

या वाडीला वास आला की पळायची सवय होती. तव्यावरची भाकरी तव्यावर टाकायची, वाऱ्याकडे एकदा बघायचं आणि मागच्या टेकाडाकडे सुटायचं. कितीदा उगाच पळाले, कंपनीवाले हसले, पण पळाले. यंत्रणा बसल्यावर मितेश वाडीत आला आणि त्याने ही सवय मोडायला सांगितली. घाबरून पळण्यातच माणसं मरतात म्हणाला. यापुढे जागेवर थांबायचं. शाळेच्या मैदानात जायचं की टेकाडावर, ते फोनवर कळेल.

त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. लोकांनी ठेवला सरूवर. पाणवठ्यावर, दुकानात ती एकच सांगत होती, “आमचा धनेश हाय आत. तोच धाडणार मेसेज.”

पावसाळा गेला. टेकाडाकडे कोणी फिरकलं नाही.

थंडी सरता सरता कंपनीने सराव ठेवला. गळती खोटी, वारा मात्र खरा, छतावरच्या यंत्राने मोजलेला. धनेशला लॅपटॉप घेऊन शाळेच्या मैदानातल्या मांडवात बसवलं होतं. भोंगा वाजला. माणसं दारात आली आणि हातात फोन धरून उभी राहिली, शिकवल्यासारखी. मेसेज आला नाही. मितेशने थोडा वेळ वाट बघितली, मग सगळ्यांना मैदानाकडेच हाकायला सांगितलं. मांडव तिथे, फोटोवाला तिथे, बटाटेवडे तिथे.

सगळ्यांना कंपनीच्या टोप्या वाटल्या. भाषण झालं. सरू पहिल्या रांगेत बसली होती, टोपी अंबाड्यावर कशीबशी अडकवून. धनेशसमोर नकाशा तुकड्यातुकड्याने भरत होता. एक तुकडा यायचा आणि थांबायचा. दुसरा यायचा, पुन्हा थांबायचा. लोकांचे वडे खाऊन हात पुसून झाले तेव्हा शेवटचा तुकडा आला. वायूचा लाल पट्टा भिंत ओलांडून सरळ शाळेच्या मैदानावर आला होता. मांडव, पाण्याचा नळ, पहिली रांग, सगळं त्याच्या पोटात.

मग एकेक करून सगळे फोन वाजले. मैदानावर थांबू नका, टेकाडाकडे जा.

“जेवण झाल्यावर आवतण आलं गो,” गिरजाबाई म्हणाली. ही सरूची शेजारीण, तोंडाची फटकळ. सगळा मांडव हसला. मितेशही हसला. माइकवरून त्याने सराव यशस्वी झाल्याचं सांगितलं आणि धनेशला लॅपटॉप बंद करायची खूण केली.

धनेशने लॅपटॉप उघडाच ठेवला. उठून पहिल्या रांगेपाशी गेला.

“ताई, मेसेजची वाट बघू नको,” तो म्हणाला. “वास आला की पळा. पयल्यासारखं.”

मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मितेशने माइक खाली ठेवला.

“मंग तू आत काय करतोस रं?” गिरजाबाईने विचारलं. आता त्यात चेष्टा नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सरू धनेशकडे बघत होती.

“सांगितलं म्हणाला व्हतास.”

“चार सांगितले, ताई. लिवले आठ.”

सरूने टोपी काढली, तिच्यावर पडलेला वड्याचा चुरा झटकला आणि ती खुर्चीवर नीट ठेवून उठली. मांडवातून कंपनीचा एक माणूस आला आणि त्याने धनेशकडे ओळखपत्र मागितलं. धनेशने गळ्यातून दोरी काढून दिली. मितेश जवळसुद्धा आला नाही. त्याला फोटो काढून घ्यायचे होते.

सरू घरी गेली आणि कोयता घेऊन बाहेर आली. टेकाडाच्या पायवाटेवर करवंदाची जाळी माजली होती, वाट कुठून सुरू होते तेही दिसत नव्हतं. ती वाकली आणि बुडातून एकेक फांदी तोडू लागली.

धनेश मागे जाऊन उभा राहिला. ती त्याला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तिने तोडलेल्या काटेरी फांद्या त्याने उचलल्या आणि वाटेच्या कडेला ओढून टाकायला सुरुवात केली.