किमिएकाकूंची सहापट दुर्बीण

"बारापट दुर्बिणीत हरीण जवळ दिसतं, तशी माझ्या हातांची थरथरही जवळ दिसते," असं म्हणत ओनोदेरा किमिएकाकूंनी कोरी दुर्बीण गाडीच्या बॉनेटवर ठेवून दिली. "ही तुमची तुम्हालाच, अध्यक्षसाहेब."

अध्यक्षसाहेब म्हणजे कुमागाई. साप्पोरोची नोकरी सोडून गावी परतला आणि वसंतात आमच्या शिकारी मंडळाचा अध्यक्ष झाला. आल्या आल्या त्याने अकराही जणांसाठी सारख्या बारापट दुर्बिणी मागवल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणून आम्ही त्या मुकाट्याने गळ्यात अडकवल्या. काकू तेवढ्या अडून बसल्या. त्यांच्या गळ्यात तीच जुनी सहापट, रंग उडालेली.

"काकू, कुरणाच्या त्या टोकाला नर उभा आहे," कुमागाई म्हणाला. "फाटे मोजा बरं शिंगांचे."

काकूंनी पाहिलं. "शिंगं आहेत, एवढं दिसतंय."

"किताउची, तू सांग."

मी कोपरं बॉनेटवर टेकवून बारापटीतून पाहिलं. "एकेका शिंगाला चार."

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

"कुरणात तुझंच खरं," काकू म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणते? इथे कोपर टेकायला गाडी आहे, मधे गवताची काडी नाही. पण आज बसायचंय झाडीत. तिथे पन्नास पावलांवर बारापटीतून काय दिसणार? एक खोड आणि अंधार."

"एकदाच सांगतो. आज बसा तुमच्या जागेवर. पण तुमच्यामुळे हाका फसला, तर जागा गेली."

एकतीस वर्षं डोंगराच्या धारेवरची तिसरी जागा काकूंची होती. गोठ्यातल्या गाईंच्या दुपारच्या धारा सुनेवर सोपवून त्या दर रविवारी यायच्या. एकाहत्तराव्या वर्षी पुढच्या हंगामात बंदुकीचा परवाना मिळेल की नाही याची खात्री नव्हती. म्हणजे जागा आज गेली, तर ती कायमचीच जाणार.

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी बंदूक खांद्याला अडकवली.

लार्चच्या झाडांची पानं पिवळी पडून गळून गेली होती. खाली कमरेइतकं बांबूगवत, त्यावर विरळ बर्फ. तिसऱ्या जागेवर काकू, चौथीवर कुमागाई, आणि त्यांच्या जरा वरच्या अंगाला मी. हाकारे हरणं हाकत खालून निघाले की रेडिओ बंद करायचे, दबून बसायचं आणि जागा सोडायची नाही. मेलं तरी उठायचं नाही, उठला त्याने जागा सोडली, असा मंडळाचा सगळ्यात जुना नियम आहे. उठलेल्या माणसाला गोळी लागू शकते.

खालून आरोळ्या येऊ लागल्या. गवत हललं. कुमागाईने दुर्बीण लावली. माझीही डोळ्यांना होतीच; खोडांमधून तपकिरी पाठीचा एक तुकडा दिसला, हलला, हरवला. परत सापडेना. छाती धडधडत होती आणि दुर्बिणीतलं सगळं जंगल तिच्यासोबत उड्या मारत होतं. कुमागाईने दुर्बीण सोडून बंदूक उचलली.

आणि काकू उठल्या. त्या नारिंगी जाकिटात सरळ उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अरे थांब मेल्या! गाय आहे ती! कानात पिवळा बिल्ला आहे!"

त्या ओरडण्यासरशी तीन हरणं उलटी फिरली आणि हाकाऱ्यांमधून पसार झाली. गवतातून बाहेर आली ती जर्सी कालवड. मी तिला ओळखलं, कारण मिउराच्या गोठ्यावर दर गुरुवारी पशुखाद्याची गाडी मीच नेतो. कुंपण तोडून आली असणार.

कुमागाईने बंदुकीतली गोळी काढली. सगळे जमले. मग तो खाली बघत म्हणाला, "काकू, तुम्ही जागा सोडलीत."

"सोडली."

"नियम आहे."

"तो नियम केला तेव्हा मी तिथे होते. तू चौथीत होतास." काकूंचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "काढ मंडळाची वही. या हंगामात ओनोदेरा बाहेर, असं लिही. पण त्याच्याच खाली दुसरी ओळ घाल. कुरणात बारापट, झाडीत सहा किंवा आठ."

"दुर्बिणीचं मी ठरवतो. अध्यक्ष मी आहे."

"म्हणून तर तुला लिहायला सांगतेय. मी अध्यक्ष असते तर मीच नसती का लिहिली?"

या वेळी कोणी हसलं नाही. मी गळ्यातली बारापट काढून कुमागाईच्या पायाशी ठेवली. मग आणखी दोघांनी ठेवली. त्याने वही काढली. थंडीने पेन चालेना. फुंकर घालून घालून त्याने दोन्ही ओळी लिहिल्या. काकूंनी वाचून पाहिल्या आणि वही परत केली.

त्यांनी कमरेचा पट्टा काढून कालवडीच्या गळ्यात घातला आणि जीभ टाळ्याला लावून टक् टक् असा आवाज केला. पोरीने ऐकावं तशी ती कालवड मागे चालू लागली.

जंगलातला रस्ता एका गाडीपुरताच. पुढे काकू आणि कालवड, मागे आमच्या चार गाड्या. कालवड मधेच थांबून गवत हुंगायची, काकूही थांबायच्या, आणि चारही गाड्या थांबायच्या. मिउराचं कुंपण येईपर्यंत पाऊण तास लागला. सगळ्यात पुढची गाडी कुमागाईची होती. त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.