दमगुरूंचे लाल काठाचे रुमाल

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. शेकडो माणसं तोंडात पिवळी नळी धरून छाती फुगवून श्वास आत ओढत होती. नळीत घट्ट झडप होती, त्यामुळे ओढायला ताकद लागे आणि चेहरे टोमॅटोसारखे होत. व्यासपीठावर दमगुरू उभे होते. अंगात पांढरं रेशीम आणि हातात माइक. तो त्यांनी जन्मात कधी खाली ठेवला नसावा.

"साखर कुठे असते? रक्तात! रक्त जातं कुठून? छातीतून! आणि छातीवर राज्य कुणाचं? श्वासाचं! ओढा, आणि हाकला तिला!"

हाकलल्यावर ती जाते कुठे, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. कारण आकडे खरोखर उतरत होते! दारात चेले प्रत्येकाला लाल काठाचा ओलसर, सुगंधी रुमाल देत. "बोटं शुद्ध करा." मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेत आणि आकडा फळ्यावर लिहीत. अर्धा तास नळी ओढून झाली की कोमट पाण्यात हात बुडवायचे, निळ्या काठाच्या रुमालाने पुसायचे आणि पुन्हा टोचून घ्यायचं. दर वेळी आकडा धाडकन खाली येई आणि टाळ्यांचा कडकडाट होई.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीचे दादा तीनशे बहात्तरवरून एकशे अडुसष्टवर आले, तेव्हा त्यांनी दमगुरूंचे पायच धरले. घरी येऊन इन्सुलिनचा डबा कपाटात मागे ढकलला आणि जाहीर केलं, "आजपासून सुई बंद!"

"अहो, आज सकाळी इन्सुलिन घेऊनच गेला होतात ना?" वहिनींनी विचारलं. साऱ्या गल्लीच्या त्या वहिनी.

"बघ, लगेच शंका! गुरुजी म्हणालेच होते, घरच्यांचा अविश्वास साखर वाढवतो. आणि घरच्या यंत्रावर तपासायचं नाही, त्याला घरच्यांची नजर लागते."

यंत्राला नजर! वहिनींनी कपाळावर हात मारला. पण वाद घालून उपयोग नव्हता. दमगुरूंचे रुमाल धुवायचं काम त्यांच्याच लाँड्रीत येई आणि दादांना तो आशीर्वाद वाटे.

नऊ दिवस गेले. दादा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते. पायाच्या अंगठ्याला बूट घासून फोड आला होता, तो सुकायचं नाव घेईना. दादांच्या वडिलांचा पाय याच दुखण्याने, असल्याच एका फोडाने गेला होता. त्यांच्या कुबड्या अजून लाँड्रीच्या माळ्यावर होत्या. कपडे वर ठेवताना वहिनी त्यांच्याकडे बघायचं टाळत.

दहाव्या दिवशी सकाळी एक चेला धावतपळत आला. "वहिनी, धुतलेलेच आहेत, नुसती इस्त्री मारा. दुपारच्या शिबिराला आणखी हवेत!" गठ्ठा टाकून पळालासुद्धा.

रुमाल लाल काठाचे होते आणि खळ घातल्यासारखे कडक. वहिनींनी सवयीने पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली. ती चिकटली. वर खमंग, जळकट वास आला, पातेल्यात साखर करपल्यावर येतो तसा. इस्त्रीच्या तळाला तपकिरी राप बसला. वहिनींची बोटं चिकट झाली होती. त्यांनी एक जिभेला लावून पाहिलं.

गोड! गोडमिट्ट!

त्यांना मधुमेह नव्हता. त्यांनी गल्ल्याखालून दादांचं यंत्र काढलं आणि त्याच चिकट बोटाला टोचलं. तीनशे सतरा. मग साबणाने खसाखसा हात धुतले, कोरडे केले, पुन्हा टोचलं. एकशे दोन.

"अस्सं होय रे भामट्या!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "बोटाला साखर लागली की थेंबात तीही मिसळते. म्हणून तर मी आधी हात धुवायला लावते. पण वहिनी, दादांनी इन्सुलिन खरंच बंद केलंय? त्यांना आजच्या आज घेऊन या. हे जिवावर बेतेल."

दादा तर शिबिराला निघून गेले होते. वहिनी रुमालांचा गठ्ठा बगलेत मारून तिकडे पोहोचल्या, तेव्हा दमगुरू माइकवर गरजत होते, "दादांची साखर पाचशे बारावरून तीनशे एक्क्याण्णव! एकशे एकवीसने उतरली!"

टाळ्या. दादाही टाळ्या वाजवत होते, पण त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"थांबा!" वहिनी व्यासपीठावर चढल्या. "आता माझी तपासा. तुमच्याच यंत्रावर."

भक्त वाढलाय असं वाटून दमगुरू हसले. वहिनींनी लाल रुमाल ओला करून बोटं पुसली. यंत्र म्हणालं, तीनशे चाळीस.

"अरेरे, माउली! घ्या नळी!"

"नळीबिळी काही नको." वहिनींनी पिशवीतून साबण काढला, बाजूच्या नळावर हात धुतले, पुसले आणि बोट पुढे केलं. "टोच रे."

अठ्ठ्याण्णव.

वहिनींनी गठ्ठ्यातले रुमाल पहिल्या रांगेत वाटले. "जीभ लावून बघा. यांनी आधी साखर बोटाला फासली, मग पाण्याने धुतली. चमत्कार म्हणायचा तर माझ्या साबणाचा म्हणा!"

"संशयाची साखर! ही संशयाची साखर आहे!" दमगुरू ओरडले. पण एव्हाना पहिली रांग रुमाल चाटत होती आणि चेले मागच्या दाराने सटकत होते.

दादा फळ्यापुढे खिळून उभे होते. "मग हे तीनशे एक्क्याण्णव?"

"हात धुतल्यावरचा आकडा आहे तो. तेवढा खरा."

"आणि त्या दिवशीचे एकशे अडुसष्ट?"

"तेही खरे. तुमच्या सुईचं काम होतं ते. टाळ्या मात्र याने खाल्ल्या." आणि एवढा वेळ वाघिणीसारख्या बोलणाऱ्या वहिनींना रडू फुटलं. "चला हो. मला त्या कुबड्या खाली काढायच्या नाहीत."

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दादांना इस्पितळात ठेवून घेतलं. सुई सुरू झाली, जखम धुतली, पाय वाचला. घरी सोडताना दादांनी चाचरत विचारलं, "ती नळी फेकूनच देऊ?"

"कशाला? श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम चांगलाच असतो. साखरेला त्याचा किती हातभार लागतो, ते अभ्यासाने कळेल, टाळ्यांनी नाही. मला विचारून करा. पण औषधाच्या जोडीला, औषधाच्या बदली नाही."

आता लाँड्रीत कपडे न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगतात, "मोजायच्या आधी हात धुवा. आणि उतरली म्हणून कुणी नाचायला लागला, तर विचारा, उतरली कशावरून? विचारल्याने ज्याचा चमत्कार मोडतो, त्याच्या हाती जीव देऊ नका." दादा आतून इस्त्री मारता मारता हुंकार भरतात. दोन्ही पायांवर उभे राहून. कुबड्यांवर धूळ साचलीय, आणि ती झटकायची वहिनींना मुळीच घाई नाही.