सात दिवस नुसतं बसायचं

वनजा गेली होती कलरीतून, लाथा-काठ्या शिकवणाऱ्या आखाड्यातून, खांद्याच्या तेलाची बाटली आणायला, आणि आली ती तिथंच नाव घालून. वय वर्षं सेहेचाळीस! कण्णूरच्या हातमाग सोसायटीत अठ्ठावीस वर्षं कापड विणून उजवा खांदा असा आखडला होता, की वेणी घालायला हात मागे जाईना. बाटली घेता घेता तिनं खाली डोकावलं. पाच पायऱ्या खाली, सारवलेल्या मातीत शाळकरी पोरी हात डोक्यावर ताणून त्या हाताला पाय लावत होत्या. लहानपणी ती याच दारापर्यंत यायची, भावाच्या तेलाची वाटी धरून. भाऊ आत, ही बाहेर. कुणी ‘ये’ म्हटलं नाही, हिनं विचारलं नाही. आज मात्र तोंडातून निघूनच गेलं, “गुरुक्कळ, मलाही शिकवा.”

कलरीच्या गुरू, कार्त्यायनी गुरुक्कळ, सत्तरीच्या. बाई गोड बोलायला शिकलीच नव्हती.

“इतकी वर्षं काय झोपली होतीस?”

“झोपायला मिळालं असतं तर आले कशाला असते?”

गुरुक्कळ हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सहाला ये म्हणाल्या.

मग रोज सहाला उजवा पाय आत, मातीला हात लावून कपाळाला, की लाथा सुरू. पोरींचे पाय आभाळाला, वनजाचा कंबरेशी येऊन अडायचा. “चेची, पाय वर येत नसेल तर हात खाली घ्या की!” तिला चेची, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या पोरी खिदळायच्या. तीही हसायची. करणार काय? दोन महिने गेले, पाय कंबरेच्या वर गेला नाही.

थकली होती हो ती. दमलेलं माणूस झोपून उठलं की ताजं होतं. हिचा थकवा सकाळी हिच्या आधी उठून बसलेला असायचा. घर, सासू, माग, परत घर. त्यात तो सकाळचा एक तासच तेवढा तिचा होता, आणि तो हातचा जाऊ नये एवढीच तिची देवाकडे मागणी होती.

ऐन पावसाळ्यातला, तेल-मालिशीचा कर्किडकम महिना लागला तशी गुरुक्कळनी तिचा खांदा चाचपला. “सांधे गंजलेत. सात दिवस तेल लावून तुला पायांनी रगडीन. मग सात दिवस बसायचं. उचलायचं नाही, वाकायचं नाही, गार पाण्यात हात नाही. दिवसा झोपायचंही नाही.”

“मग करू काय?”

“काही नाही. मोडलंस तर मात्र तेल बाधतं. आणि मोडणारीनं पुढच्या कर्किडकमपर्यंत या दारात यायचं नाही. मग ती कुणीही असो.”

घरी सांगितलं तर नवरा, दासन, रिक्षा पुसता पुसता थांबला. “सात दिवस? आपली शिजी झाली तेव्हा तर पाचव्या दिवशी विहिरीवर होतीस.”

“हो ना दासेट्टा. ते अजून खांद्यात आहे.”

“या वयात हिला लाथा कुणाला घालायच्यात म्हणे?” सासू, माधवीअम्मा, आतून म्हणाली.

“यादी मोठी आहे, अम्मा.”

पण दासन माणूस वाईट नव्हता. बघून घेतो म्हणाला.

तेलाचे सात दिवस वनजाच्या आयुष्यात पहिल्यांदाच आले. वर बांधलेल्या दोराला धरून गुरुक्कळ तिच्या पाठीवरून पाय सरकवायच्या, मानेपासून टाचेपर्यंत. तिसऱ्या दिवशी ती चटईत तोंड खुपसून रडली. अंगावरून कुणीतरी इतकं मायेनं फिरत होतं आणि बदल्यात काही मागत नव्हतं. “रड, तेही निघू दे,” गुरुक्कळ म्हणाल्या आणि दाबत राहिल्या.

मग खुर्ची आली ओसरीवर. पहिल्या दिवशी चुलीपाशी दासन, आणि हाकांचा नुसता भडिमार. “वनजे, हळद कुठंय? वनजे, भाताला पाणी किती? वनजे, ही तारली साफ कशी करायची गं?” ती बसल्या जागेवरून सांगत होती, मनात चरफडत होती. दुसऱ्या दिवशी कालवण करपलं. अम्मानं मुकाट्यानं खाल्लं, पण तोंड असं केलं की बास!

तिसऱ्या दिवशी हाका कमी झाल्या. चौथ्या दिवशी एकही आली नाही.

आतून नारळ-चिंचेच्या कालवणाचा घमघमाट आला. अम्मा म्हणत होती, “अगदी माझ्या हातची चव आहे बघ, दासा.” दोघं खळखळून हसले. वनजानं वाट पाहिली. काहीतरी चुकेल, सांडेल, सापडणार नाही. काहीच चुकेना. अठ्ठावीस वर्षं जिच्याशिवाय हे घर चालत नव्हतं, ते चार दिवसांत चालायला लागलं होतं.

ती उठली. विहिरीवर गेली, दोर सोडला, भरलेली बादली ओढून काढली. खांद्यात सणकन कळ गेली. पिंपाशी आली तर पिंप काठोकाठ भरलेलं. पाणी तिनं माडाच्या बुंध्यात ओतलं आणि गुपचूप खुर्चीत येऊन बसली. कुणी पाहिलं नव्हतं.

सात दिवस पुरे झाल्यावर ती कलरीत गेली. गुरुक्कळनी अंगठा खांद्यात रुतवला आणि तिथंच थांबवला.

“कितव्या दिवशी उठलीस?”

खोटं बोलायचं ठरवून आली होती. “चौथ्या,” ती म्हणाली.

“हाक कुणी मारली? नवऱ्यानं की सासूनं?”

“कुणीच नाही. कुणी हाकच मारली नाही गुरुक्कळ. म्हणून उठले.”

गुरुक्कळनी अंगठा काढला. बोलल्या तेव्हा आवाजात नेहमीची धार नव्हती. “पुढच्या कर्किडकमला ये.”

“गुरुक्कळ, एवढ्या एका बादलीसाठी?”

“नियम तुला बघून केलेला नाही, बाई.”

“आणि तोवर मी काय करू?”

“रोज अर्धा तास बस. घर चालू असताना बस. पाय काय, कुणाचाही वर जातो.”

वनजानं मातीला हात लावून कपाळाला लावला आणि पाच पायऱ्या चढून बाहेर आली. रडू आलं नाही, तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

घरी ओसरीवरच्या खुर्चीत अम्मानं वाळलेले कपडे टाकले होते. वनजानं ते उचलून बाजूला ठेवले आणि बसली. स्वयंपाकघरात दासन होता, फोडणीचं तेल तापत होतं.

“वनजे, आलीस का गं? नव्या सुक्या मिरच्या कुठं ठेवल्यात?”

हाक ऐकून तिला इतका आनंद झाला, की तिची तिलाच लाज वाटली. ती अर्धी उठलीसुद्धा.

“वरच्या फळीवर, मागच्या डब्यात,” ती ओरडली, आणि परत बसून खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले.