पिवळे दाणे, पांढरे दाणे

दाण्यांच्या रंगावरून आजार सांगणाऱ्या बरणीमाईंनी बरणीचं झाकण काढलं, तशा खोलीतल्या वीस-पंचवीस माना एकदम पुढे झाल्या. गाळणीत केफिरचे दाणे पडले. दूध आंबवणारे, फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे. पंधरा दिवसांपूर्वी आईला घरी दूध आंबवून प्यायला दिले तेव्हा पांढरेशुभ्र होते, आता चक्क पिवळे.

"बघा, ताईंच्या अंगातली साखर ओढून घेतली यांनी. दाणा खोटं बोलत नाही. आता गोळ्या कशाला?"

आईनं हात जोडले. शेजारी बसलेल्या लेकीला नवल वाटलं नाही, रागही आला नाही. बाबा गेल्यापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. जेवायचं, शाळेत जायचं, परत यायचं. माईंच्या सांगण्यावरून आईनं आठ दिवसांत मधुमेहाची एकही गोळी घेतली नव्हती, आणि घरात मोठं माणूस आता तेवढंच उरलं होतं.

शेजारच्या काकूंचे दाणे मात्र पांढरेच. "यांना आजारच नाही," माईंनी निकाल दिला. काकू हिरमुसल्या.

"काकू, दूध कुठलं घालता?" लेकीनं हळूच विचारलं.

"साय काढलेलं. धडधाकटांना तेच सांगितलंय. आजाऱ्यांनी साईचं घालायचं आणि दाणे हलवायचे नाहीत."

लेकीनं काकूंकडून दोन चमचे दाणे मागून घेतले. विज्ञानाच्या बाईंनी दोन बरण्या आणि प्रयोगशाळेतलं कपाट दिलं. एका बरणीत साईचं दूध, दुसरीत साय काढलेलं. रोज दूध बदललं, प्यायलं कुणीच नाही.

पुढच्या बैठकीत तिनं पिवळ्या दाण्यांची बरणी माईंपुढे सरकवली. "हे कुणाचे, सांगता?"

माईंनी डोळे मिटले. "अरेरे. बाईमाणूस आहे. साखर आहे, गुडघेही गेलेत."

"माई, हे शाळेच्या कपाटात होते. कपाटाला गुडघे नसतात."

कुणीतरी फिसकन हसलं. लेकीनं पांढऱ्या दाण्यांची बरणी शेजारी ठेवली. "दोन्हींत काकूंचेच दाणे आहेत. साईतलं लोणी दाण्यांना चिकटतं, थर बसतो, दाणे पिवळे दिसतात. बस्स."

"श्रद्धा नसली की असंच दिसतं, पोरी."

"श्रद्धा तर कपाटालाही नव्हती. तरी पिवळे झाले."

"म्हणजे मला आजार नाही, हेही खोटंच का गं?" काकूंनी विचारलं.

"दाण्यांवरून कळणार नाही, काकू. दाण्यांचा रंग बदलला तर दूध बघा, ऊब बघा, बरणी बघा. माणसाचं काय ते डॉक्टर तपासून सांगतील."

आईनं दोन्ही बरण्या उचलून उजेडात धरल्या. मग चपला घालत म्हणाली, "दवाखाना सातपर्यंत उघडा असतो ना? चल."

लेक उठली. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. फक्त जिन्यावर आईनं तिचा हात धरला, तेव्हा आईचा तळवा उबदार आहे, एवढं तिला जाणवलं.