दस्त्याची बाजू

रिबीन कापून झाली, टाळ्या झाल्या, फोटोही निघाले, आणि सुभेदार कमळाकर घरत उंबऱ्याशीच थांबले. हातातली कात्री त्यांनी अनुयाच्या ताटात ठेवली, दालनात एक नजर टाकली आणि ते दोन पावलं मागे सरकले.

"या ना काका, आत या," कृष्णकांत म्हणाला.

"हां, बगतो," म्हणत सुभेदारांनी मांडवातली पहिली खुर्ची ओढली आणि ते तिच्यावर ताठ बसले.

झालं. पाहुणाच बसला म्हटल्यावर बाकीचे कसे आत जाणार? साठ-सत्तर माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली.

पनवेलजवळच्या कोन गावात कृष्णकांतला 'बंदूकवाला' म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. जमिनीचे पैसे आले तेव्हा भावकीनं गाड्या घेतल्या, दोघे-तिघे बिल्डर झाले. या पठ्ठ्यानं बावीस वर्षं देशभर हिंडून जुन्या लष्करी बंदुका जमवल्या. एकेचाळीस झाल्या. त्या लोकांना दाखवायच्या म्हणून परवाने काढले, प्रत्येक नळीत पोलादी बूच बसवून वेल्ड करून घेतलं, पनवेलच्या कचेऱ्यांत दीड वर्ष चपला झिजवल्या. गाव काय म्हणतं याची त्याला फारशी फिकीर नव्हती. पण एकोणिसाव्या वर्षी भरतीच्या मैदानावर छाती फुगेना म्हणून त्याला परत पाठवलं होतं, आणि तेव्हापासून एखाद्या खऱ्या शिपायानं आपल्याला एकदा बरं म्हणावं, एवढीच त्याची भूक होती. म्हणून तर गव्हाणला चार खेपा घालून त्यानं सुभेदारांना आणलं होतं. आणि तेच दारात बसले होते.

"बाबा, बॅनर बघा," अनुया कानाशी पुटपुटली.

कृष्णकांतनं वर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. बॅनरवर नगरसेवक पुरुषभर उंच आणि सुभेदार पोस्टाच्या तिकिटाएवढे. आपल्याकडे यापेक्षा लहान कारणांवरून लोक लग्नातून जेवल्याशिवाय उठलेत. दोघांनी मिळून बॅनर उतरवला. त्याच्या बायकोनं, नीतानं, बिनसाखरेचा चहा आणला. शाल-श्रीफळ एकदा देऊन झालं होतं, ते पुन्हा एकदा दिलं. सुभेदारांनी चहा घेतला, दुसरा नारळही घेतला, पण ते जागचे हलले नाहीत. नगरसेवकांना कळंबोलीत आणि उलव्यात आणखी दोन रिबिनी कापायच्या होत्या. ते हात जोडून निघून गेले.

शेवटी कृष्णकांत त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"काका, माझं काही चुकलं असेल तर चारचौघांत शिव्या घाला. पण असं बसून राहू नका."

"चारचौघांत सांगायला नको, म्हणूनच गप बसलोय रे." सुभेदार खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या सगल्या बंदुकांची तोंडं दाराकडं हायेत. त्यांच्यासमोरनं माणसं कशी नेऊ मी? पोरंबालं हायेत यांच्यात."

कृष्णकांतला हसूच आलं. एवढंच होय!

"अहो काका, बंद आहेत त्या. पोलिसांचा दाखला लावलाय भिंतीवर. रिकाम्या आहेत सगळ्या."

"रिकामीच हाय, असं आमच्या पलटनीत कुणी बोललं का त्याला आमी मैदानाला चार चकरा मारायला लावायचो. रिकामी असो का भरलेली, माणसाकडं तिचं तोंड करायचं नाय. पयल्याच दिवशी शिकवतात हे."

कृष्णकांतच्या वाट्याला तो पहिला दिवस कधी आलाच नव्हता. त्याचं हसू ओठांवरच विरलं.

त्याला रागही आला. का येऊ नये? ती मांडणी त्याचा जीव की प्राण होती. दार उघडलं की समोरच्या उतरत्या लाकडी मांडणीवरून एकेचाळीस नळ्या आपल्यावर रोखलेल्या दिसाव्यात, येणाऱ्याच्या काळजात धस्स व्हावं, यासाठी त्यानं अकरा महिने घालवले होते. आधी बघून गेलेल्या प्रत्येकानं वाहवा केली होती. तो उठला, दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर उभा राहून त्यानं आपल्याच बंदुकांकडे बघितलं. मग माईक हातात घेतला.

"मंडळी, तासभर थांबावं लागेल. नीता, चहा परत फिरव."

दार लोटून त्यानं नवं जाकीट काढलं, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पहिल्या बंदुकीची पकड सैल केली. अनुया दुसऱ्या टोकाला लागली. तिसरी बंदूक फिरवून होते न होते तोच दार किलकिलं झालं. सुभेदार आत आले आणि नळ्यांसमोरून न येता भिंतीला धरून, कडेकडेनं मांडणीमागे पोचले.

"दोघांच्यानं कवा व्हायचं?" ते म्हणाले आणि त्यांनी बाह्या सारल्या.

बूच आहे हे माहीत असूनही हातात आलेली प्रत्येक बंदूक ते आधी उघडून बघत, मगच फिरवत. नळ्या भिंतीकडे गेल्या तसे खांद्याला लावायचे लाकडी दस्ते पुढे आले. आतापर्यंत ते भिंतीकडच्या अंधारात होते. आता त्यांच्यावर उजेड पडला आणि लाकडावरचं काय काय दिसू लागलं. कुणी चाकूनं रेघा ओढल्या होत्या, कुणी पितळी खिळा ठोकून खूण केली होती, कुणी एक वेडंवाकडं फूल कोरलं होतं.

एका थ्री-नॉट-थ्रीपाशी सुभेदार थांबले. दस्त्याच्या दोन्ही बाजूंवरून त्यांनी तळवा फिरवला, परत फिरवला.

"डावरा होता हा."

"कोण?"

"हिचा शिपाई. बग, गाल टेकून टेकून लाकूड गुलगुलीत होतं. तुझं-माझं डाव्या अंगाला व्हईल. हिचं उजव्या अंगाला झालंय. म्हंजे डाव्या खांद्यावरनं मारायचा. परेडला उजवा लावत असंल, उस्तादाच्या भीतीनं. पण खरी येल आली का डावा."

कृष्णकांतनं तिथं हात ठेवला. या बंदुकीचा नंबर, कारखाना, साल त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. इथं कुणाचा तरी गाल टेकला होता हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एकदम भरून आलं. आणि अभिमानही वाटला, अगदी मनापासून, की हे लाकूड आपण बावीस वर्षं वाळवी आणि दमट हवेपासून सांभाळलं, म्हणून तो गाल आज सापडला. पलीकडे अनुया स्क्रू पिळायचं विसरून दोघांकडे बघत होती.

तासाचे दीड तास झाले. दार उघडलं तेव्हा पांगापांग झाली असेल असं कृष्णकांतला वाटलं होतं, पण बहुतेक जण तिथंच होते. दाराआड काय चाललंय याचं कुतूहल चहापेक्षा मोठं ठरलं होतं. सुभेदारांनी कोटावरची पदकं सरळ केली आणि सगळ्यांच्या पुढे, भरदार पावलं टाकत ते आत शिरले. लोक त्यांच्या मागून आले. दस्ते ऐन हाताशी असल्यानं जो तो मांडणीसमोरच्या दोरीपाशी वाकून बघू लागला, आणि नकळत आवाज खाली आले.

उरणहून आलेल्या एक बाई त्या थ्री-नॉट-थ्रीपाशी थांबल्या. त्यांनी पाटी वाचली. नंबर, कारखाना, साल. मग त्या पदकांकडे बघून सुभेदारांना म्हणाल्या,

"ही कुणाची हो होती, साहेब?"

सुभेदारांनी कृष्णकांतकडे बोट केलं.

"मला नका इचारू. त्यांना इचारा. त्यांच्या पलटनीतला हाय तो."

कृष्णकांत पुढे आला.

"डावरा होता," तो म्हणाला, आणि त्यानं दस्त्याच्या उजव्या अंगावर बोट ठेवलं.